कोष्टकांचा शिल्पकार : एडगर कॉड

(द्वितीय वर्ष, कला)

चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजे, सेनापती, संत आणि समाजसुधारक उभे राहतात. त्यांचे पुतळे चौकाचौकांत असतात, त्यांच्या जयंत्या आपण साजऱ्या करतो. परंतु काही माणसे अशी असतात की त्यांचे नाव आपल्या ओठांवर नसते, आणि तरीही त्यांच्या विचारावाचून आपला एक दिवसही जात नाही. बँकेतील खाते, इस्पितळातील नोंद, दुकानातील बिल, कारखान्यातील हजेरी या सर्वांच्या मुळाशी ज्याची कल्पना आहे, तो इंग्रज गणितज्ञ एडगर फ्रँक कॉड हा अशांपैकी एक होय.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने एका संगणकशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, कॉड यांची कल्पना यंत्रशाळेत जन्मलेली नाही. ती तर्कशास्त्रातून आणि संचांच्या गणितातून निघाली. आपण तर्कशास्त्राच्या तासाला जी विधाने फळ्यावर मांडतो, त्यांच्याच घराण्यातील ती आहे. दुसरे कारण व्यवहारातले आहे. आज लहानमोठे व्यापारी आपली सारी माहिती स्वतःच्या यंत्रावर न ठेवता मोठ्या कंपन्यांकडे भाड्याने ठेवू लागले आहेत. यालाच क्लाउड म्हणतात. अशा चार कंपन्यांपैकी कोणाची सेवा घ्यावी, हे ठरवताना जी कसोटी खरी उपयोगी पडते, ती मला कॉड यांच्या चरित्रात सापडली.

एडगर कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर, फॉर्च्युन्सवेल या गावी झाला. हे बेट तेथील बांधकामाच्या दगडासाठी प्रसिद्ध आहे. वडिलांचा कातड्याच्या वस्तूंचा धंदा होता, आई शाळेत शिक्षिका होती. सात भावंडांत एडगर सर्वांत धाकटे. शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डच्या एक्झिटर महाविद्यालयात गेले आणि गणित व रसायनशास्त्र शिकू लागले. इतक्यात दुसऱ्या महायुद्धाने पेट घेतला. विद्यार्थी म्हणून त्यांना लष्करी सेवेतून सवलत मिळू शकत होती. ती न घेता १९४२ मध्ये ते आपणहून हवाई दलात दाखल झाले. समुद्रावर गस्त घालणारी मोठी सागरी विमाने त्यांनी चालवली. युद्ध संपल्यावर राहिलेले शिक्षण पुरे केले आणि १९४८ साली ते अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले.

तेथे आय.बी.एम. या कंपनीत त्यांना प्रोग्रॅमरची नोकरी मिळाली. त्या काळचे संगणक एक सबंध दालन व्यापत. पण या नोकरीत पाय स्थिरावत आहेत तोच कॉड यांच्या स्वभावातील एक पैलू दिसून आला. सेनेटर मॅकार्थी यांनी त्या वर्षांत कम्युनिस्टांचा शोध घेण्याच्या नावाखाली अनेक निरपराध माणसांमागे चौकशीचा ससेमिरा लावला होता. कॉड यांना हे सहन झाले नाही. १९५३ मध्ये त्यांनी निषेध म्हणून नोकरी आणि देश दोन्ही सोडले आणि ते कॅनडात, ओटावा येथे जाऊन राहिले. १९५७ साली ते आय.बी.एम.मध्ये परतले. जे पटत नाही त्यापुढे मान तुकवायची नाही, हा त्यांचा बाणा पुढेही अनेकदा दिसतो.

परत आल्यावर त्यांनी आणखी शिकायचे ठरवले. वयाची चाळिशी गाठत असताना ते मिशिगन विद्यापीठात, अॅन आर्बर येथे विद्यार्थी झाले. थोर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी स्वतःची प्रतिकृती स्वतःच निर्माण करू शकेल अशा कल्पित यंत्राचा आराखडा मांडला होता. त्यातील प्रत्येक पेशीच्या एकोणतीस अवस्था होत्या. कॉड यांनी तेच काम आठ अवस्थांत होऊ शकते, हे दाखवले. १९६५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. गुंतागुंतीचे काम थोडक्या साधनांत करून दाखवण्याची ही हातोटी पुढील महत्कार्याची पूर्वतयारीच म्हणावी लागेल. त्यानंतर ते कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील आय.बी.एम.च्या संशोधनशाळेत रुजू झाले.

आता त्या काळी माहिती कशी ठेवली जात असे, ते पाहिले पाहिजे. आय.बी.एम.चीच आय.एम.एस. नावाची प्रणाली तेव्हा नावाजलेली होती. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या अग्निबाणाला लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवण्यासाठी ती प्रथम बांधली गेली. तिच्यात माहिती झाडासारखी रचलेली असे. खोडापासून फांदीकडे, फांदीपासून डहाळीकडे जावे तेव्हा हवी ती नोंद हाती येई. ज्या वाटेने झाड लावले त्याच वाटेने प्रश्न विचारला तर उत्तर झटकन मिळे. उलट वाटेने विचारले की सारे अडे.

आपल्या खेड्यातील उदाहरण घेतले म्हणजे हे लवकर कळेल. गावच्या महसुली दप्तरात सातबारा असतो आणि आठ-अ असतो. सातबारा गटाप्रमाणे असतो. अमुक गट कोणाच्या नावावर, किती क्षेत्र, कोणते पीक, हे तो सांगतो. आठ-अ खातेदाराप्रमाणे असतो. अमुक खातेदाराची गावात एकूण कोठे कोठे जमीन आहे, हे तो सांगतो. दोन्हींतील मूळ गोष्ट एकच, माणूस आणि जमीन यांचा संबंध. पण कागदी दप्तरात प्रश्न दोन बाजूंनी येणार म्हणून पुस्तके दोन ठेवावी लागत. जमीन विकली की फेरफार दोन्हीकडे चढवावा लागे. एकीकडे चढला आणि दुसरीकडे राहिला, तर एकाच जमिनीबद्दल दोन पुस्तके दोन गोष्टी सांगू लागत. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या असे कागद ट्रंकेत जपून ठेवले आहेत, त्यांना यातील दुःख वेगळे सांगायला नको.

कॉड यांनी या रोगाचे मूळ शोधले. माहिती काय आहे, ही एक गोष्ट. ती कोठे आणि कशी ठेवली आहे, ही दुसरी गोष्ट. या दोन्ही एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या सोडवल्या पाहिजेत, असे त्यांनी मांडले. सारी माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी. एका कोष्टकात खातेदार, दुसऱ्यात गट, तिसऱ्यात कोणत्या खातेदाराचा कोणत्या गटात किती हिस्सा. प्रत्येक गोष्ट एकदाच लिहावी. मग सातबारा हवा तर त्या कोष्टकांची एक जुळणी, आठ-अ हवा तर दुसरी. विचारणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे, कोठून आणायचे ते यंत्राने पाहावे. गणितात अशा कोष्टकाला रिलेशन म्हणतात, त्यावरून या पद्धतीला रिलेशनल हे नाव पडले. १९६९ मध्ये कंपनीच्या अंतर्गत अहवालात आणि जून १९७० मध्ये अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या मासिकात त्यांनी हा विचार प्रसिद्ध केला. तो लेख अवघ्या अकरा पानांचा होता.

एवढी मोठी कल्पना घरातच जन्मली, तेव्हा आय.बी.एम.ने तिचे स्वागत केले असेल, असे आपल्याला वाटते. घडले ते वेगळेच. आय.एम.एस.वर कंपनीला भरपूर पैसा मिळत होता. चालत्या धंद्याला आपल्याच घरातून प्रतिस्पर्धी उभा करण्याची घाई कोणाला असणार? शिवाय अनेक जाणत्यांचा आक्षेप होता की ही पद्धत कागदावर सुंदर आहे, पण यंत्रावर फार संथ चालेल. हा आक्षेप खोटा नव्हता. त्या काळच्या यंत्रांची ताकद पाहता त्यात तथ्य होते. १९७४ साली अॅन आर्बर येथेच एक गाजलेला वाद झाला. एका बाजूला कॉड आणि दुसऱ्या बाजूला चार्ल्स बाकमन. बाकमन हे आदल्याच वर्षी संगणकक्षेत्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळवलेले थोर तज्ज्ञ होते. माहितीच्या साठ्यातून वाट काढीत जाणारा प्रोग्रॅमर म्हणजे जणू कुशल नावाडी, अशी त्यांची भूमिका होती. कॉड यांनी स्वतः समुद्रावर विमाने चालवली होती, वाट काढणे म्हणजे काय ते त्यांना पक्के ठाऊक होते. पण सामान्य माणसाला आपल्याच माहितीपर्यंत पोहोचण्यासाठी नावाडी व्हावे लागू नये, असे त्यांचे मत होते. मला या वादात लोकशाहीचा अंश दिसतो. दप्तर उघडण्याची किल्ली मूठभर जाणकारांच्या हाती राहणार की विचारणाऱ्याच्या, हाच तो प्रश्न होता.

अखेर कल्पना जिंकली, पण तिचे फळ प्रथम दुसऱ्यांनी चाखले. सॅन होजेच्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा प्रयोग सुरू झाला. त्यातूनच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आज जगभर चालणारी एस.क्यू.एल. ही प्रश्नभाषा घडवली. त्याच सुमारास बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इंग्रेस ही प्रणाली उभी केली. आजची लोकप्रिय पोस्टग्रेस प्रणाली तिचीच वंशज होय. लॅरी एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये एक छोटी कंपनी काढली आणि प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांच्या आधारे १९७९ साली ओरॅकल बाजारात आणले. आय.बी.एम.चे स्वतःचे उत्पादन १९८१ मध्ये आणि डीबी-टू हे मोठे उत्पादन १९८३ मध्ये आले. एलिसन जगातील धनाढ्यांच्या मालिकेत जाऊन बसले. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. विद्या एकाकडे आणि लक्ष्मी दुसऱ्याकडे, हा अनुभव आपल्याकडेही नवीन नाही.

कॉड मात्र समाधानी नव्हते. एस.क्यू.एल. भाषेत एकच ओळ दोनदा येऊ शकते, हे त्यांना गणिताच्या शिस्तीत बसणारे वाटत नव्हते. १९८४ मध्ये त्यांनी आय.बी.एम. सोडली. तोवर बाजारात नवाच प्रकार सुरू झाला होता. रिलेशनल हा शब्द खपतो असे दिसताच जुन्याच मालावर नवी चिठ्ठी चिकटवून विक्री होऊ लागली. तेव्हा १९८५ साली कॉड यांनी बारा नियम प्रसिद्ध केले. त्यांची गणती शून्यापासून असल्यामुळे खरे म्हणजे ते तेरा आहेत. सारी माहिती कोष्टकांतच असावी, साठवण्याची रीत बदलली तरी प्रोग्रॅम बदलावा लागू नये, असे ते नियम. त्यातील अकरावा नियम मला सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. माहिती एका ठिकाणी असो वा अनेक ठिकाणी विखुरलेली असो, वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागू नये आणि फरक पडू नये, असा त्याचा आशय आहे. गिऱ्हाइकाच्या हाती मापटे दिले म्हणजे विक्रेत्याला माप मारता येत नाही, हेच काम या नियमांनी केले. कोणतेही उत्पादन बाराच्या बारा नियमांना पुरे उतरले नाही, तरी तुलना करण्याची रीत रूढ झाली.

चरित्रकाराने केवळ आरती ओवाळू नये. १९९३ साली कॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहितीच्या विश्लेषणासाठी आणखी बारा नियम मांडले. तो लेख आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीच्या पैशाने तयार झाला होता, आणि त्याच कंपनीचे उत्पादन त्या नियमांत चपखल बसत होते. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती. ज्याने मापटे दिले त्यानेच एका दुकानदाराकडून पैसे घ्यावेत, हे मनाला खुपते. पण त्यातून एक धडा मिळतो : कोणतीही तुलना वाचताना ती करण्याचा खर्च कोणी दिला, हे आधी पाहावे. थोर माणसाच्या नावाखाली ती आली तरीसुद्धा.

१८ एप्रिल २००३ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, फ्लोरिडात विल्यम्स आयलंड येथे हृदयविकाराने कॉड यांचे निधन झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, २००९ मध्ये अॅमेझॉनने आर.डी.एस. नावाची सेवा सुरू केली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टची आणि २०११ मध्ये गूगलची अशीच सेवा आली. डेटाबेस विकत न घेता भाड्याने घ्यायचा. यंत्र, दुरुस्ती, राखीव प्रत हे सारे कंपनीने पाहायचे. वखारीत धान्य ठेवणाऱ्या शेतकऱ्याला पोते कोणत्या थप्पीत आहे याच्याशी कर्तव्य नसते, पावती दाखवताच माल मिळावा एवढेच त्याला हवे असते. तसाच हा प्रकार आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रे सुरू केली, तेव्हा ही वखार महाराष्ट्राच्या दारात आली.

सुट्टीत मी तालुक्याच्या गावी एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला जातो. त्यांच्यापुढे अशा सेवांची तीन दरपत्रके आली होती आणि सर्वांत खालचा आकडा कोणाचा, एवढेच पाहिले जात होते. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचले. माझ्या समजुतीप्रमाणे तुलनेचे चार प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न, आत कोणते इंजिन आहे. अॅमेझॉनच्या आर.डी.एस.मध्ये मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि २०२३ पासून डीबी-टू असे पर्याय आहेत. गूगलच्या क्लाउड एसक्यूएलमध्ये मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर आहेत. मायक्रोसॉफ्टची अॅझ्युर एसक्यूएल ही मुख्य सेवा स्वतःच्या एसक्यूएल सर्व्हरवर उभी आहे, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल ती कंपनी वेगळ्या सेवेने देते. मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि पोस्टग्रेस यांना परवान्याचे शुल्क नाही. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांना ते आहे आणि ते भाड्यात मिसळलेले असू शकते.

दुसरा प्रश्न, हमी किती. ९९.९५ टक्के आणि ९९.९९ टक्के यांत कागदावर काहीच अंतर दिसत नाही. पण हिशेब केला तर पहिल्या हमीत वर्षाला सुमारे ४ तास २३ मिनिटे काम बंद राहू शकते, दुसरीत सुमारे ५३ मिनिटे. आणि अशी हमी बहुधा दुसऱ्या इमारतीत जोडयंत्र तयार ठेवले तरच लागू होते, त्याचे भाडे वेगळे.

तिसरा प्रश्न, बिल कशाचे. यंत्राचे तासावर, साठ्याचे आकारावर, आणि माहिती बाहेर नेली तर तिचेही. आत आणणे बहुधा फुकट असते, बाहेर नेणे फुकट नसते. रात्री दुकान बंद असते तेव्हा यंत्र झोपून राहील आणि त्याचे भाडे थांबेल, अशी सोय अॅझ्युरच्या एका प्रकारात आहे. लहान व्यापाऱ्याला तिचा विचार करण्यासारखा आहे. राखीव प्रती किती दिवस ठेवतात तेही पाहावे. आर.डी.एस.मध्ये आपोआप घेतलेल्या प्रती जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. ज्याला वर्षापूर्वीचा हिशेब पुन्हा उभा करावा लागू शकतो, त्याने वेगळी तजवीज करावी.

चौथा प्रश्न सर्वांत मोठा आणि तोच कोणी विचारत नाही : उद्या येथून निघायचे झाले तर निघता येईल काय? प्रश्नभाषा सर्वत्र एकच म्हणतात, पण प्रत्येक कंपनीने तिच्यात स्वतःची बोली मिसळली आहे. त्या बोलीत जितके अधिक लिहावे, तितके पाय अधिक अडकतात. याचे मोठे उदाहरण खुद्द अॅमेझॉनचेच आहे. आपला ग्राहकव्यवसाय ओरॅकलवरून हलवण्याचे काम त्यांनी २०१९ मध्ये पुरे केले, तेव्हा सुमारे ७,५०० डेटाबेस आणि ७५ पेटाबाइट माहिती हलवावी लागली. ज्यांच्याकडे निष्णात इंजिनिअरांची फौज आहे त्यांना हे वर्षानुवर्षांचे काम झाले. तालुक्याच्या व्यापाऱ्याने काय करावे? त्याने आरंभीच पोस्टग्रेससारखे सर्वत्र मिळणारे इंजिन घ्यावे, खास बोली टाळावी, आणि वर्षातून एकदा आपली माहिती बाहेर काढून दुसरीकडे सुरू करून पाहावी. हे जमले तर कोणतीही सेवा चांगली. हे जमत नसेल तर सर्वांत स्वस्त सेवाही महाग.

येथेच कॉड यांचा विचार आजच्या बाजाराला येऊन भिडतो. यंत्र कोठे आहे हे विसरण्याचे स्वातंत्र्य त्यांनी आपल्याला मिळवून दिले. क्लाउडने ते अकराव्या नियमाच्या दिशेने आणखी पुढे नेले. परंतु यंत्र विसरता विसरता यंत्राच्या मालकाच्या अधीन होणे, हे त्या स्वातंत्र्याचे फळ नव्हे. माहिती ज्याची, प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याचा, आणि ती उचलून दुसरीकडे नेण्याचाही अधिकार त्याचाच असला पाहिजे.

कॉड यांच्या नावाने आज संगणकक्षेत्रात एक पुरस्कार दिला जातो. पण त्यांचे खरे स्मारक प्रत्येक कोष्टकात आहे. आपल्या वर्गातील पुष्कळजण उद्या बँकेत, पतसंस्थेत, कचेरीत किंवा स्वतःच्या दुकानात बसतील आणि असे करार त्यांच्यापुढे सहीसाठी येतील. दरपत्रकाचा शेवटचा आकडा पाहण्यापूर्वी त्यांनी चौथा प्रश्न विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.